कार्डावरचा डाव आणि हिरवा बाण

१४ ऑक्टो. ९७, मंगळ.
दातिवऱ्याहून तात्यांचं कार्ड. सुनेच्या अक्षरात : "उंट पुढे. पाय बरा हाय. तुजं चालू दे." तेरा वर्षं पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळतोय आम्ही, एका कार्डाला एक चाल. तांडेल माणूस, मासेमारी होडीचा म्होरक्या; आता होडी सुटली तरी डोकं तल्लख. एक डाव जिंकू दिला नाही म्हाताऱ्याने! यंदाही माझा घोडा अडकवलाय.

१८ ऑक्टो., शनि.
आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मिश्राने बुद्धिबळ टाकलंय. जेवणाच्या सुट्टीत तात्यांचा डाव मांडून पाहिला. बटण दाबलं की धोक्यातली घरं लाल होतात, उत्तम चाल हिरव्या बाणाने दिसते. खाली आलेख, कोण वरचढ ते सांगणारा. मिश्रा म्हणे, "घोडा दे दो, साब." फुकट घोडा द्यायचा? सात जन्मांत सुचलं नसतं मला. नुसतं बघितलं. बघायला काय जातं!

२० ऑक्टो.
कार्ड टाकलं. बाणाचीच चाल. मोह आवरला नाही, झालं.

२९ नोव्हें.
जिंकलो. तात्या : "हरलो. शाब्बास रे दिनू. घोडा झकास." ऑफिसात पेढे वाटले. मिश्राने पेढा घेतला आणि डोळा मारला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ फेब्रु. ९८
दुसराही डाव जिंकलो. आता मी विचारही करत नाही. बाण बघतो, कार्ड लिहितो. नालायक.

२२ फेब्रु., रवि.
सांगून टाकायचं म्हणून दातिवऱ्याला गेलो. अंगणात बोंबील वाळत होते. सून हळूच म्हणाली, "काका, बाबा आता पोरांना जाळी कुठे टाकायची ते सांगत नायत. म्हनतात, पटावरचा घोडा दिसला नाय त्याला दर्यातलं काय दिसनार. पोरं विचारून विचारून परत जातात."
तात्यांनी पट मांडला. बाण नव्हता, त्यामुळे रीतसर हरलो. तात्या हसले नाहीत.
"मुद्दाम हरलास ना? माजी कीव करतोस?"
"नाही हो तात्या, शपथ."
"शपथ नको घेऊ."
तेव्हाच बोलायचं होतं. चहा पिऊन आलो.

२५ फेब्रु.
कार्डावर कसं लिहू? तात्यांना आता बारीक दिसत नाही. सून अंगणात मोठ्याने वाचते, मासे उलटवणाऱ्या साऱ्या बाया ऐकतात. पाकीट पाठवावं तर तेही तीच वाचणार. निमित्तं बरी सुचतात मला. समोर बसवून दाखवायलाच हवं.

७ मार्च, शनि.
तात्यांना बोईसरला, आमच्या ऑफिसात आणलं. गेटवर पास काढला, कॉम्प्युटरपुढे बसवलं, पहिला डाव लावला. हिरवा बाण घोड्यावर आला. सगळं सांगितलं, जीभ अडखळत होती. तात्या पडद्याला नाक लावून बघत होते.
"ही लाल घरं?"
"तिथे धोका."
"मंग यात तुजी चाल कंची?"
"तुमच्या उंटापर्यंतच्या. पुढच्या सगळ्या याच्या."
"आनि तेरा वर्सं?"
"ती माझीच. म्हणून तर हरलो."
हसतील वाटलं होतं. त्यांनी टोपी सारखी केली. "याच्याशी माजा काय वाद नाय, दिनू. यंत्र हाय. पन कार्डावर नाव तुजं होतं."
एस.टी.त बसवलं. खिडकीतून हात केला नाही.

१६ मार्च
सुनेचा फोन, पोस्टातून. "बाबा आज पहाटे धक्क्यावर गेले, पोरांना जागा सांगितली. तुमी काय जादू केली?" जीव भांड्यात पडला. म्हटलं, "माझ्याबद्दल काही बोलले?"
"नाय, काका."

२९ मार्च, रवि.
नव्या डावाचं कार्ड टाकून बारा दिवस झाले. राजापुढचं प्यादं, दोन घरं. माझं मीच ठरवलंय. काल पोस्टमन शेजारी पत्र देऊन परत फिरला. मी दारातच उभा होतो. उद्या परत बघतो.