मी जिंकलेला वाद

मी, हॅस्कल रे मॅब्री, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक, राहणार कॉटर्स बेंड, पूर्व टेक्सस, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. कोणी माझा हात धरून लिहवून घेतलेले नाही. हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. यापूर्वी मी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

भाषा वकीलबाई कॅरोलिन ओस्टीन यांनी तपासली आहे. "मिस्टर मॅब्री, एवढं सगळं मृत्युपत्रात कुणी लिहीत नाही," असे त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटले, लिहू द्या.

१. माझे राहते घर, मागची जागा आणि पेकानचे झाड माझ्या थोरल्या भावाची मुलगी वर्ना मॅब्री हिला द्यावे. मला व माझी दिवंगत पत्नी इमोजीन हिला मूलबाळ नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही वर्नानेच करावी. स्वयंपाकघराचे छत गळते, हे तिला आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक सांगणे आहे. ऑक्टोबर महिन्यात शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमारास पुढच्या ओसरीच्या फळ्यांवर खेळाडूंच्या बुटांचा आवाज येतो. तळाला खुंट्या असलेले बूट लाकडावर वाजतात तसा. तो पायऱ्या चढतो, दारापर्यंत येतो आणि थांबतो. दार उघडले तर कोणी नसते. इमोजीनलाही तो ऐकू यायचा. "हॅस्कल, तुझ्याकडे कुणीतरी आलंय," एवढेच म्हणून ती आत निघून जायची. कोण आलंय, हे तिने मला कधी विचारले नाही. वर्नाने घाबरू नये. तो घरासाठी येत नाही, माझ्यासाठी येतो.

२. माझी पिकअप गाडी, तिच्यातल्या हत्यारांच्या पेटीसह, न्हावी क्लीओथा बँक्स यांना द्यावी. त्यांच्या दुकानातल्या खिडकीजवळच्या दोन खुर्च्या मी आणि माझा मित्र अर्विन टॉलिव्हर यांनी चाळीसहून अधिक वर्षे दर शनिवारी सकाळी अडवून ठेवल्या, आणि केस मात्र महिन्यातून एकदाच कापून घेतले.

आमचा वाद एकच असे. उत्तम रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, कोणाला म्हणावे? चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांतून वाट काढणारे गडी पुष्कळ असतात, पण त्यातला शंभरात एक वेगळा असतो. तो कशाने?

अर्विन टपाल खात्यात होता. गावभर पायी पत्रे वाटून त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तो म्हणे, "पहिला दणका बसल्यावरही ज्याचे पाय चालू राहतात, तो. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी."

मी म्हणे, "दणका बसतोच कशाला? डोळे असतील तर गडी क्षणभर थांबतो, आपल्या पुढच्या गड्यांना समोरची भिंत हलवू देतो, फट दिसली की निसटतो."

"थांबतो? कशासाठी? बसची वाट बघतोय का तो?"

"तू पत्रं टाकायला जायचास तेव्हा कुत्र्यांच्या अंगावर चालून जायचास का रे?"

"कुत्रीच बाजूला व्हायची!"

मग क्लीओथा कात्री थांबवून म्हणत, "दोघंही गप्प बसा. वेग लागतो, वेग. आणि मान हलवू नका."

हा वाद निव्वळ तोंडचा नव्हता. अर्विनचा एकुलता एक मुलगा लव्हॉन माझ्या संघात होता. घरी बाप त्याला सांगे, अंगावर जा, चुकवू नकोस. मैदानावर मी सांगे, थांब, बघ, मग जा. सतरा वर्षांचा तो मुलगा दोघांचेही ऐकून घेई, हसे, आणि दोन्ही करून दाखवी. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तसा गडी मी दुसरा पाहिला नाही.

३. मैदानाच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी आहे. ती माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत काढावी व वितळवून टाकावी. शाळेने हरकत घेतल्यास खालचे कलम चार त्यांना वाचून दाखवावे.

त्या काळी संघाच्या हितचिंतक मंडळाचा अध्यक्ष वेंडेल क्रेब्स होता. लव्हॉन इस्पितळात अजून श्वास घेत होता, त्या शनिवारी सकाळी क्रेब्सने मला फोन करून विचारले, "कोच, पुढच्या शुक्रवारी कोण धावणार?" त्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्याने मागितलेले नाही, तरी लिहून ठेवतो. त्याहून वाईट हे की त्या प्रश्नाचे उत्तर मी फोनवर दिले. नाव सांगितले.

४. कपाटाच्या तळाला पत्र्याच्या डब्यात एक फिल्म आहे. सामना शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९८१. ही फिल्म अर्विन टॉलिव्हर यास द्यावी, आणि सोबत पुढील मजकूरही.

त्या दिवशी एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस लव्हॉनला पाहायला आला होता. तो वर प्रेक्षकांत बसला होता, अर्विनपासून चार बाके लांब. लव्हॉन बापासारखा धावतो हे त्याने ऐकले होते. तो माझ्यासारखा थांबतोही, हे मला त्या माणसाला दाखवायचे होते. खरे लिहायचे तर ते मला अर्विनला दाखवायचे होते.

तिसऱ्या सत्रात लव्हॉनच्या डोक्याला मार बसला. तो उठला आणि चालत कडेला माझ्याजवळ आला. हेल्मेट काढले नाही. माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाला, "कोच, दिवे दोन-दोन दिसतायत."

मी हसलो. म्हणालो, "मग दोन्हींच्या मधून पळ."

तोही हसला. "बरं, कोच," म्हणाला आणि परत गेला.

पुढच्याच खेळीत चेंडू त्याला दिला. मी शिकवल्याप्रमाणे तो क्षणभर थांबला. मग जिथे फट नव्हती तिथे शिरला. समोरून आलेल्या गड्याला त्याने पाहिलेच नाही. त्या गड्याचा काही दोष नाही, त्याने खेळायचे तसेच खेळले. लव्हॉन रविवारी दुपारी गेला.

फिल्ममध्ये आमचे बोलणे नाही. पण चेंडू सुटण्याआधी एकदा तो मान वळवून मैदानाच्या कडेकडे पाहतो, ते आहे. मी ते इतक्या वेळा पाहिले आहे की त्या जागी फिल्मवर ओरखडे पडले आहेत. तो मला शोधत होता. फिल्ममध्ये मी वर बसलेल्या त्या पाहुण्याकडे पाहतो आहे.

पण अर्विन, तुझा मी केलेला खरा अपराध याच्याही पुढचा आहे.

दफनानंतरच्या तिसऱ्या शनिवारी तू दुकानात आलास. आपल्या खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "तुझंच खरं होतं, हॅस्कल. डोळे लागतात. माझ्या पोराला डोळे नव्हते. मीच त्याला शिकवलं, अंगावर जा म्हणून. तो गेला."

क्लीओथांनी कात्री खाली ठेवली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणालो, "असू दे, अर्विन."

तेव्हापासून तू माझी बाजू घेऊन वाद घालू लागलास. डोळे, डोळे, डोळे. मला स्वतःचेच शब्द ऐकवेनात, म्हणून मी तुझी बाजू घेतली. पाय चालू राहायला हवेत, अंगावर जायला हवे. म्हाताऱ्यांनी बाजू बदलल्या म्हणून नवी पोरे हसायची. अडतीस वर्षे दर शनिवारी तू तुझ्या मुलाला दोष देत राहिलास, आणि मी समोर बसून त्याचा बचाव केल्याचे सोंग आणत राहिलो.

५. बँकेतील माझी सर्व शिल्लक शाळेला द्यावी, ती फक्त एका कामासाठी. प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला जखमा तपासणारी शिकलेली व्यक्ती हजर असावी, आणि तिने "हा आता खेळणार नाही" म्हटले की प्रशिक्षकाला त्यावर ब्रसुद्धा काढता येऊ नये. ही अट शाळेला मान्य नसल्यास शिल्लक वर्नाकडे जावी.

६. दुरुस्ती. कलम चार वाचून ओस्टीनबाईंनी कागद खाली ठेवले व म्हणाल्या, "हे त्यांनी तुमच्या मागे वाचायचं? म्हणजे त्यांना तुमच्याशी भांडताही येणार नाही." मी घरी आलो आणि अर्विनला जेवायला बोलावले.

तो दुपारी आला. त्याने मक्याची पोळी आणली होती, मी घेवडा शिजवला होता. ताटे तशीच राहिली. मी सगळे सांगितले. त्याने मेजावरची मिठाची बाटली बाजूला सारली.

"काय म्हणाला तो? त्याचे शब्द सांग."

"कोच, दिवे दोन-दोन दिसतायत."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले.

"म्हणजे त्याने तुला सांगितलं होतं," अर्विन म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, त्याला सांगायचं धाडस झालं नसेल. मी त्याला तसंच वाढवलं होतं. दुखलं तर बोलायचं नाही." "पण तो बोलला. शहाणा होता माझा पोरगा. योग्य माणसाकडे गेला, योग्य तेच बोलला."

"अर्विन, मी..."

"तू थांब. तू त्याला मैदानात पाठवलंस, त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. पण अडतीस वर्षं मी माझ्या मेलेल्या पोराला चारचौघांत आंधळा म्हटलं, आणि तू ते ऐकून घेतलंस. कॉफी पीत ऐकून घेतलंस."

 

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "मला एकदा वाटलं होतं, तू काहीतरी लपवतोयस. १९९० च्या आसपास. विचारलं नाही मी. आपला शनिवार गेला असता."

पुढचे तीन शनिवार त्याची खुर्ची रिकामी होती. क्लीओथांनी त्या खुर्चीवर कोणाला बसू दिले नाही. ते तीन शुक्रवार मी संध्याकाळी ओसरीत बसून काढले. बुटांचा आवाज आला नाही. येत होता तेव्हा मला त्याची भीती वाटे, पण न येणे त्याहून कठीण आहे, हे मला माहीत नव्हते.

आज सही करायला बसलो असता अर्विन ओस्टीनबाईंच्या कार्यालयात न बोलावता आला. म्हणाला, "साक्षीदार लागतात ना? मी करतो सही."

बाई म्हणाल्या, "मिस्टर टॉलिव्हर, साक्षीदार झालात तर मृत्युपत्रात तुमच्या नावे ठेवलेली वस्तू तुम्हाला मिळणार नाही."

"ती मी आजच घेऊन जातो. तो मरेपर्यंत का थांबू?"

मी फिल्मचा डबा त्याच्या हातात दिला. सबब कलम चारमधील देणगी रद्द समजावी. मजकूर मात्र तसाच ठेवावा.

मी त्याला विचारले, "शनिवारी येशील?"

तो म्हणाला, "माहीत नाही." मग डबा काखेत घेऊन त्याने बाईंकडे पेन मागितले.

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो खरा आहे. त्यात गाळलेले असे आता काही उरलेले नाही.

ठिकाण: कॉटर्स बेंड, टेक्सस
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०१९
सही: हॅस्कल रे मॅब्री

साक्षीदार पहिला: कॅरोलिन ओस्टीन, वकील. वरील सही माझ्या समक्ष झाली.

साक्षीदार दुसरा: अर्विन टॉलिव्हर, निवृत्त टपालवाला, वय एक्याऐंशी. हे मी माझ्या हाताने लिहितो. हॅस्कल मॅब्रीने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी तो पूर्ण शुद्धीवर होता आणि आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते. १६ ऑक्टोबर १९८१ रोजीही कळत होते. माझा मुलगा लव्हॉन याला त्या दिवशी जे दिसले ते त्याने बरोबर सांगितले. या दोन्ही गोष्टींची मी साक्ष देतो.