निष्कलंक माती

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तक्रार किरकोळ आहे, म्हणून सविस्तर मांडतो. मागच्या आठवड्यात तू आलीस, जेवलीस आणि जाताना गच्चीवरच्या लिंबाच्या कुंडीतली माती माझ्या बिस्किटांच्या डब्यात भरून नेलीस. मातीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती पृथ्वीची आहे. डबा माझा आहे. त्याचं झाकण घट्ट बसतं, आणि या घरात घट्ट बसणारं दुसरं झाकण नाही. सध्या बिस्किटं उघड्या बशीत असतात आणि दुपारपर्यंत टिकत नाहीत. मुंग्यांवर आळ घ्यावा, तर तुझी वहिनी मुंग्यांची बाजू घेते.

या कुंडीत कधी औषध पडलं आहे का, असं तू विचारलंस. मी छातीठोकपणे सांगितलं की ही माती निष्कलंक आहे. अण्णा स्वतः तिला रोज पाणी घालतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्या विधानावर मी कायम आहे. पण तुम्ही प्रयोगशाळेतली मंडळी नाल्याकाठची औषधांनी भरलेली माती गोळा करता, आणि शेजारी तुलनेला एक सज्जन माती हवी म्हणून बापाच्या कुंडीवर डल्ला मारता. याला शास्त्र म्हणावं की भुरटेपणा, हे मी शाळेत शिकवतो त्या व्याकरणातून मला ठरवता आलं नाही.

अण्णा बरे आहेत. स्मरणशक्तीची गोळी रोज नाश्त्यानंतर मी त्यांच्या हातावर ठेवतो. काल त्यांनी मला काकांच्या नावानं हाक मारली, पण तेवढं चालायचंच. आमचे कान सारखे आहेत.

लोभ डब्यासह परत करावा.

तुझा,
दादा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचं टपाल अण्णा आधी फोडतात.

तुझ्या निष्कलंक मातीनं माझी अब्रू घेतली. आमच्याकडे आकडा विचित्र आला की आधी यंत्राला दोष द्यायची पद्धत आहे. तो मी दिला. यंत्र उघडून, पुसून, परत लावून झालं. आकडा तोच. नाल्याकाठच्या मातीत जेवढं औषध नाही, तेवढं आपल्या लिंबाच्या कुंडीत आहे.

औषधं मातीत गेली की सगळी सारखी वागत नाहीत, दादा. डोकेदुखीची गोळी जिवाणू चटकन फस्त करतात. काही औषधं पाण्याबरोबर खाली उतरतात आणि एक दिवस विहिरीत सापडतात. काही मात्र चिकणमातीच्या कणांना आत्याच्या यजमानांसारखी चिकटून बसतात. एकदा टेकली की उठत नाहीत. कुंडीत सापडलेलं औषध या तिसऱ्या जातीचं आहे, आणि ते एकच आहे. अण्णांची स्मरणशक्तीची गोळी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं औषध नाहीसं व्हायला लागणारा काळ, पाहिलं तर हे एकदा सांडलेलं नाही. रोज भर पडते आहे.

आमच्या प्रमुखांनी विचारलं की ही निर्दोष माती आणली कुठून. मी म्हटलं, माहेरहून. त्यांनी नोंदवहीत तसंच लिहून घेतलं. त्यांच्याही पत्नीला माहेर आहे.

तू रागावू नकोस त्यांच्यावर. गोळी गिळेपर्यंत नुसता समोर उभा राहा. आणि त्या झाडाचं लिंबू तूर्त कुणी खाऊ नका.

मातीवरचा राग बहिणीवर काढू नये, ही विनंती.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. या वयात, या गुडघ्यांनी. अण्णा तांब्या घेऊन वर आले, इकडेतिकडे पाहिलं, गालातून गोळी काढली, मातीत बोटानं भोक पाडून तिला आत ठेवलं, वरून थोपटलं आणि पाणी घातलं. एवढ्या मायेनं त्यांनी आपल्याला कधी झोपवलं असेल, असं मला वाटत नाही.

मी टाकीमागून प्रकट झालो. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या गोळीनं त्यांना मळमळतं, शिवाय लिंबूही हल्ली सुकल्यासारखं दिसत होतं. लिंबाला काही आठवू लागलं आहे का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की आपल्या मुलांपेक्षा ते कमी प्रश्न विचारतं.

विसरू नये म्हणून दिलेली गोळी चुकवायला हा माणूस एकदाही विसरलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? चष्मा विसरतो, जेवलो की नाही ते विसरतो, पण हे नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणतील, गोळी मातीतूनसुद्धा लागू पडते आहे.

पुढचा घोटाळा माझा. तुझं पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि धुण्याचे खिसे तपासायचं काम अण्णांकडे असतं. धाकटीनं माझं अर्धायुष्य काढलं आहे म्हणे, असं म्हणत ते माझ्यासमोर येऊन बसले. खुलासा करायचा सोडून मी सवयीनं समास सोडवून दाखवला: आयुष्याचं अर्धं. ते खूश झाले. एकोणऐंशी वर्षं वापरूनही अर्धं शिल्लक असेल तर त्यांची काही तक्रार नाही.

डॉक्टरांनी मात्रा कमी केली आहे. अण्णा आता गोळी घेऊन मला जीभ दाखवतात, आणि शाळेतून आल्यावर मी कुंडी उकरली की ती गोळी तिथेच सापडते. मी हरलो आहे.

डबा विसरू नये. विसरण्याचं खातं आमच्याकडे भरलेलं आहे.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत डबा. तीनदा धुतला आहे, तरी त्यात बिस्किटं ठेवू नयेत. त्यात अधूनमधून कुंडीतली माती भरून पाठव. आकडा उतरला तर समजायचं की अण्णा गोळी गिळायला लागले. तुझ्या जीभ-तपासणीपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे. तू जिंकलास की कळव, मी पेढ्यांऐवजी खत पाठवीन.

लोभाचं अर्धायुष्य अजून कुणाला मोजता आलेलं नाही. ते तसंच राहावं.

तुझी,
धाकटी

२४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खत पाठव. या आठवड्यात कुंडीत एकही गोळी सापडली नाही. मी चमच्यानं तळापर्यंत शोधलं. लिंबू माझ्याकडे संशयानं पाहतं. सोबतच्या डब्यात माती आहे. तुझं यंत्र काय म्हणायचं ते म्हणो, माझं जुनं विधान आता खरं ठरत आलं आहे. तुझी वहिनी म्हणाली की सासऱ्यांवर ठेवता तेवढी पाळत चोरांवरही ठेवत नाहीत. ते मी प्रशस्ती म्हणून घेतलं.

आहे तेवढा लोभ झाकण घट्ट लावून जपावा.

तुझा,
दादा

ता. क. पत्र पाकिटात घातलं त्याला आठवडा झाला, आज परत बाहेर काढलं आहे. ते घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून मी घरी होतो. अण्णा नाश्त्यानंतर गच्चीवर गेले. कुंडीपाशी बराच वेळ उभे राहिले, पाणी घातलं आणि खाली आले. एक मूठ मिटलेली होती. दुपारी जेवायला बसताना त्यांनी ती माझ्यासमोर उघडली, आणि ही कुणाची गोळी आहे, तिचं काय करायचं असतं, असं विचारलं. मी दिली, तशी त्यांनी मुकाट्यानं गिळली. वर मला काकांच्या नावानं हाक मारून आभार मानले.

धाकटे, मी आता रोज कुंडी उकरतो ती गोळी सापडावी म्हणून. सापडत नाही. मला भीती वाटते. तू ये.