घर मास्तरणीचं, पेटी मंडळीची

खाली सही करणारी मी, पियानो आणि पायपेट्या दुरुस्त करून पोट भरलेली, सगळ्यांना 'पेटीवाली' म्हणून माहीत असलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, दमही दिलेला नाही. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण तो वाचताना मीच मला ओळखेना, म्हणून त्यांना विचारून माझ्या भाषेत पुन्हा लिहिते. पूर्वी सगळं भावाच्या नावे करून ठेवलं होतं, ते मृत्युपत्र या लिखाणाने रद्द झालं आहे.

कलम १. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे जिना. घर मूळचं वडिलांचं. दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अर्धा हिस्सा मी रीतसर विकत घेतला, तेव्हा त्याने यावर हक्क सांगू नये. हे घर भांड्याकुंड्यांसकट मी मास्तरणीला देत आहे. पूर्ण मालकीने, नुसतं राहण्यापुरतं नाही. वकिलांनी विचारलं, "नातं काय लिहू?" 'मैत्रीण' कोर्टात हलकं पडेल, 'भाडेकरू' लिहिलं तर भाडं दाखवावं लागेल. मी म्हटलं, "जिच्याबरोबर संसार केला ती, असं लिहा." ते म्हणाले, "असा रकाना नसतो." म्हटलं, "मग रकान्याबाहेर लिहा."

कलम २. हे असं का, ते दादा विचारणारच, आणि मी उत्तर द्यायला नसेन. म्हणून इथेच सांगते.

मास्तरीण धर्मशिक्षण पुरं करून आमच्या चर्चच्या मंडळीत सेविका म्हणून आली. मुलांना शास्त्र शिकवायची, म्हणून मास्तरीण. चर्चमध्ये पेटी मी वाजवायची. पहिल्याच आठवड्यात दुकानात येऊन म्हणाली, "तुमची पेटी माझ्या प्रार्थनेत खोकते." भात्याला चीर होती. दुरुस्तीला वेळ लागला. मुद्दाम लावला.

तिच्याबरोबर शिकलेले सगळे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झाले. त्यांत बायकाही होत्या. तिच्या पाळकपदाच्या दीक्षेची तारीख ठरली, तेव्हा म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्हा दोघींबद्दल लोक काहीबाही बोलतात. तू एवढंच म्हण, की तसं काही नाही. मी पुढचं निभावून नेतो."

"पण तसं आहे, साहेब," ती म्हणाली.

दीक्षा थांबली. प्रकरण सगळ्या मंडळ्यांच्या महासभेत गेलं. अशा बाईला, किंवा अशा पुरुषाला, पाळक करावं की नाही, यावर आमच्याच चर्चमध्ये दिवसभर वाद झाला. मी पेटीशी बसून ऐकलं. पाळकसाहेब विरोधात बोलले, पण त्यांचा मला राग नाही. ते म्हणाले, "मी शास्त्र उलटसुलट चाळलं. मला परवानगी सापडली असती तर सगळ्यांत आधी मीच आनंदलो असतो." डॉक्टरीणबाई बाजूने बोलल्या. म्हणाल्या, "माझे रोगी मरताना हिलाच बोलवा म्हणतात, आणि तुम्ही विचारताय हिला देवाचं बोलावणं आलंय का!" मग मंडळीचा पंच म्हणून दादा उभा राहिला. लाकडाच्या वखारीत ओरडतो त्याच आवाजात म्हणाला, "मी शास्त्रातलं नाही, घरातलं सांगतो. या बाईनं माझ्या बहिणीला नासवलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिला नासवलं तिला काय म्हणायचंय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ठराव पडला. अध्यक्षांनी समारोपाचं गीत सांगितलं आणि मी ते वाजवलं. एकही सूर चुकला नाही, याचा मला अजून राग येतो.

मास्तरीण गेली नाही. मी म्हटलं, "चल, दुसरीकडे जाऊ. नदीपलीकडची मंडळी तुला हसत घेईल." ती म्हणाली, "तिथल्या लोकांना मी ओळखत नाही. इथल्यांच्या आया मी पुरल्यात." सेविका म्हणूनच राहिली. आजाऱ्यांकडे जायची, मेलेल्यांना आंघोळ घालायची, भांडलेल्या नवराबायकोंना एका बाकावर बसवायची. फक्त प्रभुभोजनाची भाकर मोडायची आणि प्याला द्यायचा अधिकार तिला नव्हता. राहायला चर्चमागची एक खोली होती.

पुढे पाळकसाहेब अंथरुणाला खिळले. नवे पाळक परगावी गेले होते. साहेबांनी मास्तरणीला बोलावलं आणि प्रभुभोजन मागितलं.

ती म्हणाली, "मला अधिकार नाही. तुम्हीच ठरवलंत."

"मीच ठरवलं, तर आता मीच सांगतोय. दे."

"साहेब, शास्त्रात परवानगी सापडली का?"

"नाही सापडली," ते म्हणाले. "भूक लागली आहे."

तिने भाकर मोडली आणि दिली. साहेब त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या सुनेने भाबडेपणाने ही हकिगत कौतुकाने चारचौघांत सांगितली, आणि दादाने पंचांकडे मास्तरणीची तक्रार केली.

पंचांनी मास्तरणीला पुढे उभं केलं. सुटायला वाट ठेवली होती, हे मान्य करते. एकाने विचारलंसुद्धा, "बाई, आजारी माणसाला दोन घास भरवले, एवढंच ना? ते काही प्रभुभोजन नव्हतं?" तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "प्रभुभोजनच होतं. त्यांना शेवटी मी दोन घासांवर फसवलं असं म्हणायला लावू नका."

नोकरी गेली, खोली गेली. एका ट्रंकेसकट ती माझ्या जिन्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "लोक म्हणायचे, दोघी एकत्र राहतात. आता तरी त्यांना खरं बोलल्याचं समाधान." तेव्हापासून आम्ही या दोन खोल्यांत राहतो. ती घोरते. मी पहाटे पेट्या वाजवून बघते. कोणाचंही काही बिघडलेलं नाही.

कलम ३. चर्चमधली पायपेटी. ती वडिलांनी वापरायला दिली होती, दान केली नव्हती. तेव्हा ती माझी आहे, आणि पंचांनाही ते ठाऊक आहे. मास्तरणीला काढलं त्या रविवारी मी झाकण लावलं आणि पुन्हा तिच्याशी बसले नाही. आता ती पेटी मी मंडळीला कायमची देते. कसलीही अट नाही. अटी घालणारे तिथे पुरेसे आहेत. फक्त तिच्यावर फुलदाण्या ठेवू नयेत. पाणी सांडतं.

कलम ४. हत्यारं, सुट्या स्वरपट्ट्या आणि भात्याचं कातडं बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला द्यावं. माझी गिऱ्हाइकं पळवायला तो जन्मभर धडपडला. आता ती आपोआप मिळतील. त्याचा हात वाईट नाही, हत्यारं वाईट आहेत.

कलम ५. बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. दीक्षेचा तोच ठराव पुढच्या महासभेत पुन्हा येतो आहे, आणि या वेळी आमच्या मंडळीतर्फे मत देणारी ती आहे. या पैशाचा त्या मताशी संबंध नाही. मी तिला विचारलेलं नाही, तिनेही सांगू नये.

कलम ६. दादाला काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही. मास्तरीण म्हणते, तिने त्याला केव्हाच माफ केलं. तो तिचा पेशा आहे. माझा पेशा, बिघाड कुठे आहे ते सांगायचा. दादा, बिघाड तुझ्यात होता. दफनाला आलास तर पुढच्या बाकावर बस, तू माझा सख्खा भाऊ आहेस.

कलम ७. दफन. नवे पाळक परवा भेटून गेले. माणूस गोड आहे. म्हणाले, "विधी मी करीन. मास्तरीणबाईंनी एखादी लहानशी प्रार्थना केली तर कोणाची हरकत नसेल." मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. माझा विधी मास्तरीण करील. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माती टाकेपर्यंत. चर्चचं दार उघडलं तर आत, नाही तर खाली दुकानात. पियानो बाजूला सरकवले की पुष्कळ माणसं मावतात. पाळकांना यायचं असेल तर यावं आणि ऐकावं.

हे कलम मी मास्तरणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या लोकांना मी पोचवलंय. पण तुझ्या वेळी मधेच मला बोलता आलं नाही तर?"

म्हटलं, "तर थांब. लोक थांबतील."

यात खाडाखोड नाही. सगळं वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली.

सही: पेटीवाली

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना (सही)
२. पाळकसाहेबांची सून (सही)

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
तारीख: ११ मार्च, सोमवार