तुमच्या काळ्या कोटावरचा व्हाइटनर

पनवेल, मंगळवार

तीर्थरूप भाऊजींना कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार (पायांवर डोकं ठेवतो आहे, पण नव्या गुडघ्याला धक्का न लावता).

टाके काढले का? ताई तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं. तिचं ऐका. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. रुचिराचा साखरपुडा छान झाला आणि सगळ्यांनी तुमची आठवण काढली. अंगठ्यांच्या फोटोंत मी नुसत्या शर्टावर का आहे, हे तुम्ही एव्हाना ताईला दोनदा विचारलं असेल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बोल’ म्हणता आणि थांबता. त्या थांबण्यात माझ्याच्याने खरंही बोलवत नाही आणि खोटंही. म्हणून हे पत्र.

मुख्याध्यापक झालात तेव्हा शिवलेला तो काळा कोट तुम्ही स्वतःहून मला पाठवलात, कारण माझा माझ्या पोटावर मिटेना. ‘इस्त्री नको, नुसती वाफ दे’ असा निरोपही धाडलात. (दिली. वाफेपर्यंत सगळं ठीक होतं.) सकाळी तो घालून हॉलवर पोहोचलो, तर दारातल्या पांढऱ्या फलकावर जावईबापूंचं नाव ‘सत्यजित’. पत्रिकेत ‘सत्यजीत’. आता, विहीणबाई जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची वेलांटी ह्रस्व करून त्यांचं स्वागत करायचं? मी व्हाइटनरचा पेन मागवला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलो. (नोकरीत असताना ‘नोंदीत व्हाइटनर वापरू नये’ हे परिपत्रक सहीसाठी मीच टेबलाटेबलावर फिरवत असे.)

पेनाचं टोक सुकलेलं. मी दाबलं, काही नाही. आणखी दाबलं. मग टोकच निघून आलं आणि आतला सगळा माल तुमच्या कोटाच्या डाव्या छातीवर, खिशाच्या वर. वेलांटी होती तिथेच राहिली.

आमची सौ. अरुंधती धावत आली. “हात लावू नका! सुकू दे, मग नखाने खरवडू. पापुद्रा निघतो त्याचा.” तिचं ऐकलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण पाहुण्यांची गाडी कळंबोलीपर्यंत आल्याचा फोन आला आणि मी ओल्या रुमालाने खसाखसा चोळलं. रुपयाएवढा डाग पुरीएवढा झाला. मग रुचिराची मैत्रीण प्राची हिच्या डब्यातलं नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं, तेही तिला न विचारता. त्याने व्हाइटनर विरघळला, पण बाहेर न येता कापडाच्या विणीत आत शिरला. पुरी राखाडी झाली आणि मला कुणी जवळ घेईना, इतका वास. शेवटी माझ्या पिशवीत बूटपॉलिशची डबी होती. भाऊजी, पुढचं वाक्य लिहिताना मान वर होत नाही. मी ती लावली. ब्रशने. आणि लांबून खरंच काही दिसेना, म्हणून मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

व्याहीभेट लांबून करत नाहीत, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

भगवानराव, म्हणजे आमचे व्याही, उंचेपुरे आणि मायाळू. अंगात पांढराशुभ्र रेशमी झब्बा. गुरुजी म्हणाले, “आलिंगन द्या,” आणि त्यांनी मला कवटाळलं ते फोटोवाला ‘अजून एक’ म्हणत राहीपर्यंत. सुटलो तेव्हा त्यांच्या छातीवर काळी पुरी उमटलेली. विहीणबाईंनी आधी झब्ब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फलकाच्या दिशेने. (वेलांटी त्यांनी येतानाच पाहिली होती.) रुचिरा खाली बघत होती. ती रडेल असं वाटलं. भगवानरावांनी बोटाने डाग पुसून पाहिला, तो वाढला. मग ते शांतपणे म्हणाले, “कृष्णकांतराव, व्हाइटनर आहे का हो कुणाकडे?”

विहीणबाईच पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर अंगठ्या घातल्या गेल्या, सगळं रीतसर झालं. मी कोट काढून कोपऱ्यात बसलो. लोक येऊन पाठ थोपटत होते, ते मला जास्त लागत होतं.

कोट इथल्या मितेशच्या लाँड्रीत दिला होता. तो काल म्हणाला, “काका, पांढरं गेलं, पॉलिश पन गेलं. पन काला रंग पन गेला. आता दिसतंय ते नुसतं कापड हाय.” कोट आणि हे पत्र आज कुरिअरने पाठवतो आहे. मला क्षमा करा, असं म्हणायचंही तोंड नाही.

ताईला नमस्कार.

तुमचा अपराधी,
कृष्णकांत

ता. क. : एक राहिलं. भगवानरावांनी नंतर “हे पॉलिश कसं?” असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की कोट भाऊजींचा, आणि जुना कोट चमकवायला ते पॉलिश लावतात. ते आणि विहीणबाई रविवारी रत्नागिरीला जाताना माणगावला तुम्हाला भेटायला थांबणार आहेत. तेव्हा कोटाचा विषय निघालाच, तर तुम्ही कृपा करून नुसतं ‘हो’ म्हणाल का?

ता. क. २ : वरचं रुचिराने वाचलं. तिने “आतोबांचं नाव सांगितलंत, बाबा?” एवढंच विचारलं. तेव्हा ‘हो’ म्हणू नका. रविवारी मी स्वतः येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. तुम्हाला जे रागवायचं ते शनिवारी फोनवर रागवून घ्या. मी ‘बोला’ म्हणेन आणि थांबेन.