हिरवे केस

सोम. ४ ऑगस्ट
स्वल्पच्या कानामागे टक्कल. नावासारखंच एवढंसं मांजर, त्यात हे. ऑफिसला उशीर करून इंदिरानगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी पडदे ओढले, दिवा घालवला आणि दुसराच एक जांभळा दिवा तिच्या कानावर धरला. कान पेटला. कैरीच्या सालीसारखा हिरवा, एकेक केस वेगळा. आजार, आणि इतका सुंदर? बुरशी आहे म्हणाल्या. केसाला धरून वाढते, माणसालाही लागते. मग घाबरले. पण आधी थक्क झाले, हे खरं.

मंगळ. ५
घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "म्हणजे गजकर्ण. मांजराला हत्तीचा कान." आई गेल्यावर त्यांना माहेरून, निपाणीहून, इकडे बंगळुरात आणलं, सहा महिने झाले. एवढं लांब बोलणं बऱ्याच दिवसांनी. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच, जनावराची जागा घराबाहेर. मांजराला नावाने हाक नाही, नुसतं 'ते'. या वयात त्यांना लागण झाली तर? नितीनच्या ऑफिसातल्या एकाचं शहराबाहेर आनेकलला शेत आहे, तो रविवारी येऊन स्वल्पला घेऊन जाईल. अप्पा "सरी" म्हणाले आणि खोलीत गेले. म्हणजे बरं; निपाणीत जन्म काढून कन्नड तोंडी नव्हतं, इथे येऊन उचललेला हा एकच शब्द.

गुरु. ७
सुट्टी टाकली. स्वल्पला गंधकाच्या पाण्याने आंघोळ. घरभर नासक्या अंड्यांचा वास, आणि ती माझ्यावर खार खाऊन. बाथरूममध्ये कोंडलं.

तसल्याच जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मागवली होती, ती आली. झडलेला केसही चमकतो म्हणे. दुपारी पडदे ओढून घर तपासलं. सोफ्यावर तीन. माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर एक. अप्पा बागेत गेलेले. त्यांच्या खोलीत काही नसणारच, पण म्हटलं बघू. खुंटीवर त्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर. छातीवर, डाव्या अंगाला, हिरवंच हिरवं. मोजता येईनात.

पलंगावर बसले, बॅटरी तशीच हातात. आम्ही नवरा-बायको, नितीन आणि मी, नऊला जातो, सातला येतो. दिवसभर घरात ही दोघंच. आणि मी समजत होते अप्पा एकटे असतात.

शुक्र. ८
अप्पा छाती खाजवतायत. विचारलं तर "घामोळं." बंगळुरात, ऑगस्टात, स्वेटर घालून घामोळं! जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावलेला माणूस, त्याची चोरी कुठल्या तोंडाने पकडू? नितीनला सांगितलं. तो म्हणाला, त्यांचं त्यांना बोलू दे. आणि नाहीच बोलले तर? रविवार परवावर आलाय.

रवि. १०
टोपली दाराशी तयार. आनेकलवाला खाली पोचला, फोन आला. तेवढ्यात अप्पा बाहेर आले, शर्टाची वरची बटणं काढून. छातीवर लालसर गोल, सुपारीएवढे दोन.

"मला बी तेच झालंय," मला म्हणाले. "मग मला बी धाडतीस काय आनेकलला?"

बाथरूममधून स्वल्प ओरडत होती. नितीन खाली जाऊन 'आज नको' सांगून आला. मी अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, सासरी निघाले त्यानंतर आजच. लागायचं ते लागू दे.

शनि. २३
अप्पांचे गोल मलमाने विरत आलेत. आज स्वल्पला दाखवायला तेही आले. दिवा त्यांनीच धरला, मॅडमनी धरू दिला. नवे केस मुळाशी काळोखे, फक्त टोकं हिरवी. अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. "आतनं बरं होतंय बघ," म्हणाले. इतक्या हळू, की देवळात असल्यासारखं.

पण नुसत्या दिव्यावर भागत नाही. केस तपासायला दिलेत, रिपोर्टला दोन-तीन आठवडे. आनेकलचं तोवर तसंच लटकलेलं.

संध्याकाळी निपाणीहून दादाचा फोन. गणपतीला या, गाडी पाठवतो. अप्पा म्हणाले, "रिपोर्ट आल्याबिगर मी हलत न्हाई." दादा घाबरला. कुणाचा रिपोर्ट, ते अप्पांनी सांगितलं नाही. मीही नाही.