लॉगिनच्या पानातली फट

३ मार्च
सापडली! सापडली! सापडली!
इतकी वर्षं या फायरवॉलवाल्या (नेटवर्कच्या दारावरचे पहारेकरी विकणाऱ्या) कंपनीच्या चुका मी नुसत्या नोंदवत आले — त्याही दुसऱ्यांनी शोधलेल्या. कुठल्या मॉडेलात फट आहे, दुरुस्ती कधी येणार, गिऱ्हाइकांना कळव, संपलं. आज फट मी शोधली! फायरवॉलच्या लॉगिनच्या पानावर नावाच्या रकान्यात लांबलचक काहीबाही कोंबलं, तर पासवर्ड न विचारताच आत! वाटलं, आपणच आधी लॉगिन करून विसरलो असू. पुन्हा केलं. पुन्हा आत! मी खुर्चीवरून ताडकन उठले.
साहेब म्हणाले, "काय गं, झुरळ आहे का?"

४ मार्च
कंपनीला कळवलं. आता वाट बघणं आलं. माझ्याच्याने होत नाही ते!

६ मार्च
उत्तर आलं! "फट खरी आहे. अतिगंभीर."
अतिगंभीर!! लेकरू वर्गात पहिलं आल्यासारखी मिरवतेय मी.
अट एकच — दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर चोर आधी पोचतील. आणि मग कंपनीच्या जाहीर सूचनेत शोधणारी म्हणून माझं नाव! माहेरचं देऊ की सासरचं? आईला विचारावं म्हटलं — पण चकार शब्द नाही!

९ मार्च
साहेबांनी सगळ्यांना कॉफी पाजली. कशाबद्दल, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

१२ मार्च
दादाकडे जेवायला गेलो. त्याच्या हॉस्पिटलचं नेटवर्क तोच बघतो. म्हणतो कसा, "नवीन फायरवॉल बसवल्यात. कोण आत शिरतंय बघतोच!" तीच कंपनी. तेच मॉडेल. मला असा ठसका लागला की वहिनी पाणी घेऊन धावली. अतिदक्षता विभागातली सगळी यंत्रं त्या पानामागे आहेत. गप्प बसले. शब्द दिलाय.

१३ मार्च
नाही बसवत गप्प! फोन केला.
"दादा, फायरवॉलचं ते लॉगिनचं पान बाहेरच्यांसाठी बंद कर."
"का गं?"
"का विचारू नकोस. कर."
"चिमणे, तू सांगतेस म्हणजे काहीतरी असणारच." लगेच बंद केलं त्याने. गुणाचा माझा दादा!
फट कसली ते सांगितलंच नाही, म्हणजे शब्दही मोडला नाही. आहेच मी हुशार!

१६ मार्च
दुरुस्ती शुक्रवारी! कंपनीने नावाचं स्पेलिंग विचारलंय. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही दिली. मोठ्याने म्हणून बघितलं. भारदस्त वाटतं!

१८ मार्च
कंपनीचा फोन. हल्ले सुरू झालेत. दुरुस्ती अजून तयार नाही. कुणीतरी कुठलं पान बंद करायचं ते उघड सांगितलं, तेवढ्यावरून चोरांनी फट हुडकली.
दादाला फोन लावला. "कुणाला बोललास का?" तो खुशीत.
"हो, टाकलं ना आमच्या नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपवर! बाकीच्या हॉस्पिटलांनीही बंद करायला नको ते पान? आणि खाली तुझं नाव घातलंय, अगदी पूर्ण!"