वादळ वळलं

४ नोव्हेंबर १९८२, गुरुवार

रेडिओवर पुन्हा तेच — अरबी समुद्रात चक्रीवादळ, मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याला धोका. आणि माझी मंदा अर्नाळ्याला, दाराशी समुद्र! त्यात आठवा महिना. जावई, दामू, बोट घेऊन सौराष्ट्राकडे मासेमारीला गेलेत. तिकडे इशारा नाही, तेवढं बरं. पण पोरीपाशी कोण? म्हातारी सासू.

हे म्हणतात, घाई नको, वादळं नुसती हूल देतात. यांचं काळीज दगडाचं!

५ नोव्हेंबर

शाळेत रजा टाकली. उद्या पहिल्या एसटीनं मंदाला आणायला निघते.

६ नोव्हेंबर

आणली!

विहीणबाई, बायजाबाई, उंबऱ्यातच आडव्या. "आठव्या म्हयन्यात पोटुशीनं पानी वलांडायचं न्हाय! दामू येल, मंग धाडीन." म्हटलं, घरातच पाणी शिरलं तर काय करणार? फार बोलले मी.  निघताना त्यांनी मंदाच्या ओटीत नारळ मात्र घातला. "तुम्हीही चला" म्हटलं, तर म्हणाल्या, "माजा पोर दर्यावर हाय. मी घर सोडून कशी येऊ?"

परतताना आभाळ काळंकुट्ट. गाडी पुढे जाईल की नाही, कंडक्टरलाच ठाऊक नव्हतं. वज्रेश्वरीच्या थांब्यावर खिडकीतूनच हात जोडले, मोठ्यानं — आई, वळव हे वादळ. कुठेही जाऊ दे, आमच्यावर नको. साडीचोळीनं ओटी भरीन.

मंदा म्हणाली, "आई, कुठेही नको गं म्हणूस." गप बस म्हटलं. या दिवसांत मुली हळव्या होतात.

७ नोव्हेंबर

सोसाट्याचा वारा. लाइट नाही, म्हणून कापडाचे लूमही बंद. गल्लीत खडखड नाही म्हणून झोपही नाही. शेजारचे अन्सारीभाई "बहनजी, दुआ करो" म्हणून गेले. मंदा रेडिओ उशाशी घेऊन पडलीय.

८ नोव्हेंबर

वळलं! मुंबईचा धोका टळला, वादळ वर गुजरातेत गेलं. मी रडलेच. गल्लीभर साखर वाटली. देवी पावली!

मंदाच्या हातावर साखर ठेवली. तिनं खाल्ली नाही. मूठ मिटून भिंतीकडे तोंड करून बसली. थकली असेल.

९ नोव्हेंबर

गुजरात म्हणजे सौराष्ट्रच की! माझ्या लक्षात कसं आलं नाही? मंदाशिवाय डोक्यात काही नव्हतंच. हे तार करायला गेलेत.

१३ नोव्हेंबर

बायजाबाई आल्या. बोट फुटली. बोटीवरचे दोघं सापडले, दामू नाही.

 

देवीनं माझं ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला.